कोंडीचे पंधरा दिवस

१४ सप्टेंबर

आज तीन जणांनी मला व्हॉट्सॲपवर एकच कात्रण पाठवलं. पहिलं तहसील कचेरीतल्या कारकुनाने, दुसरं माझ्या बहिणीने, पुष्पाने, विक्रमगडहून, आणि तिसरं ममताने. ममता माझी बायको. ती स्वयंपाकघरात होती आणि मी ओटीवर. हाक मारता आली असती.

कात्रणात गोरख. डॉ. गोरख खुताडे. पाड्यावर उभा, हातात ते कॅमेऱ्याएवढं एक्स-रे मशीन, मागे नागलीचं हिरवं शेत. मथळा: 'डोंगराची छाती तपासणारा डॉक्टर'. फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर आणि अर्धी मोटारसायकल आली आहे. कोपर माझं. मोटारसायकलही माझीच. त्या पाड्याला गाडीरस्ता नाही, मशीन मी पाठीवर बांधून वर नेलं होतं.

बातमीत लिहिलंय, 'डॉक्टर डोंगर चढून रुग्णांपर्यंत पोहोचतात.' चढतात, खरं आहे. रघुनाथ बुधर त्यांच्या आधी चढलेला असतो, एवढंच लिहायचं राहिलं.

२१ सप्टेंबर

मागच्या आठवड्यात रागात लिहिलं. आज नीट लिहितो, म्हणजे मलाच कळेल की मी उगाच जळतो की कारणाने.

गोरख आणि मी एका पाड्यावरचे, एकाच आश्रमशाळेतले, एका बाकावरचे. आम्ही तिसरीत होतो तेव्हाचं ते साल, वावर-वांगणीला कुपोषणाने पोरं दगावली ते. आमच्याही पाड्यावर झळ लागली होती. गोरखची धाकटी बहीण भागी आणि माझी पुष्पा दोघी एकाच आठवड्यात आजारी पडल्या. भागी गेली, पुष्पा राहिली. पुढे दोन वर्षांनी गोरखचा बाप टीबीने गेला. गोळ्या अर्ध्यावर सोडून मुंबईला कामाला गेला होता.

बारावीला गोरखला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त. त्या अकरा मार्कांवर तो डॉक्टर झाला. मी बीएस्सी केली आणि टीबीच्या कामावर कंत्राटी पर्यवेक्षक लागलो. एकोणीस वर्षं झाली, अजून कंत्राटीच. काम सोपं: ज्याला टीबी निघाला त्याला गाठायचं, गोळ्या पोटात जातात की नाही बघायचं, पळाला तर शोधायचं.

तीन वर्षांपूर्वी गोरख मुंबईतलं मोठं इस्पितळ सोडून जव्हारला आला. दोन खोल्यांत छातीचा दवाखाना काढला. त्याने जे केलं ते इथे कोणी केलं नव्हतं, हे मला मान्य आहे. नेहमीच्या औषधाला न जुमानणारा टीबी झाला की पूर्वी माणसाला मुंबईला पाठवायचो. आमचा माणूस तिथे आठ दिवसांत घाबरून परत यायचा आणि घरी मरायचा. गोरखने मुंबईला खेटे घालून, भांडून ते उपचार जव्हारात आणले. नव्या गोळ्या, सहा महिने, रोज, सुई नाही. एकसष्ट माणसं घेतली, एकही अर्ध्यावर सुटलं नाही.

पण न सुटण्याचं काम कोण करतं? सरकारने मला त्याच्या दवाखान्याला जोडून दिलंय. त्याची एकसष्ट माणसं माझ्या पायांवर उभी आहेत.

ही कारणं पुरेशी आहेत असं वाटतं.

३० सप्टेंबर

कोंडीकडे गेलो होतो. मोखाड्याच्या पलीकडे, खोडाळ्याकडून खाली उतरून जो पाडा आहे तिथे. वय चोवीस, नवरा भिका, मुलगी चार वर्षांची. नव्या गोळ्या एक तारखेला सुरू केल्या तेव्हा वजन तेहतीस किलो होतं, आज छत्तीस. अंगणात बसून वरई पाखडत होती. मला बघून हसली.

"दादा, मी आता टेकडी चढून पानी आनते. मधी दोनदाच बसते."

"गोळ्या?"

"हौशी दर मंगळवारी आठवड्याच्या देते. रोज खाते. तुझी शपथ."

हौशी म्हणजे त्या पाड्याची आशा कार्यकर्ती. तीही आली. म्हणाली, "हिच्या नवऱ्याच्या फोनात दोनच नंबर आहेत, दादा. एक मुकादमाचा, एक तुझा."

मी विचारलं, "डॉक्टरचा नाही?"

कोंडी म्हणाली, "तो मोठा मानूस. त्याला काय सांगू?"

परतताना घाटात उगाच गाणं म्हणत होतो.

८ ऑक्टोबर

आज पालघरहून साहेब लोक आले होते. गोरखने त्यांना 'माणसामागे गोळी' ही त्याची योजना सांगितली. दिवाळी झाली की आमची माणसं भिवंडी, वसई, ठाण्याकडे भट्ट्यांवर आणि बांधकामावर जातात आणि उपचार तिथेच तुटतो. म्हणून कोण कुठे जातं याची यादी आधीच करायची, तिथल्या कोणाशी बोलून ठेवायचं, गोळ्या तिथे पोचवायच्या. साहेबांनी माना डोलावल्या.

ही यादी मी चौदा वर्षांपासून ठेवतोय. दोनशे पानी वहीत, गावनिहाय. गोरख आला त्या पहिल्या पावसाळ्यात मीच त्याला दाखवली होती.

आज त्याने ती वही पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे माझं डोकं नाही, साहेब. ही वही रघुनाथची. मी फक्त तिला नाव दिलं." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. एक साहेब म्हणाले, "वा, छान अक्षर आहे."

छान अक्षर! चौदा वर्षांत एवढंच.

घरी ममताला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांनी नाव घेतलं की तुमचं. सगळ्यांसमोर घेतलं. आणखी काय करायला हवं होतं?"

तिला कळत नाही. देणारा तो आणि घेणारा मी, असं झालं ना ते. माझीच वस्तू, आणि त्याच्या हातून मला मिळाली.

जेवताना रेवती म्हणाली, मला गोरखकाकासारखं व्हायचंय. बारावीला आहे पोरगी. मी म्हटलं, आधी भात संपव.

१९ ऑक्टोबर

जव्हारच्या शिरपामाळावर मुंबईचे लोक गाड्या घेऊन आले होते, सुट्ट्या लागल्यात. त्यातल्या एका बाईने रस्त्यात मला थांबवून विचारलं, ते पेपरातले डॉक्टर कुठे भेटतील? मी बरोबर पत्ता सांगितला. हे लिहून ठेवतो, कारण चुकीचा सांगावा असं मनात आलं होतं.

गोरख वाईट वागला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या डब्यातलं उचलून खातो, रस्त्यात खांद्यावर हात टाकतो, आईला भेटायला येतो आणि तिच्या पाया पडतो. आई त्याला 'माझा गोरख' म्हणते. ममता सोडली तर आमच्याकडे सगळे एकमेकांना 'तू'च म्हणतात, पण आई त्याला म्हणते तेव्हा त्या 'तू'चा आवाज वेगळा असतो. मला म्हणते तेव्हा पाणी आण, गोळी दे, असं असतं.

५ डिसेंबरला दिल्लीची मंडळी येणार. त्याची एकसष्ट माणसं बघायला.

१० नोव्हेंबर

पाडे ओस पडायला लागले. एका पाड्यावर आज फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या. सगळ्यांची नावं, भट्ट्या, मुकादम, फोन लिहून घेतले. फक्त कोंडीच्या घराला कुलूप. हौशी म्हणाली, मुकादमाचा टेम्पो एक दिवस आधीच आला आणि गेले. सांगायलाही वेळ नाही मिळाला. कुठे गेले ते शेजाऱ्यांना ठाऊक नाही. भिकाचा फोन बंद.

तिच्याकडे उद्यापर्यंतच्या गोळ्या आहेत.

गोरखला सांगितलं. तो उभाच राहिला. "रघू, तिला शोध. सलग चौदा दिवस चुकले तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल. आणि तिच्या फुप्फुसात तेवढी जागा उरलेली नाही."

मला शिकवतो.

१३ नोव्हेंबर

दुपारी फोन आला. भिकाच्या नंबरवरून कोंडी.

"दादा, गोळ्या संपल्या. परवा संपल्या."

"कुठे आहेस?"

तिने भट्टीचं नाव सांगितलं. भिवंडीच्या पुढे, मोठ्या पाइपलाइनीला लागून, जवळ पेट्रोल पंप. मी लिहून घेतलं. तिने विचारलं, "तू येशील ना?"

मी म्हटलं, "बघतो."

मग दवाखान्यात गेलो. गोरख एका फिल्मवर वाकला होता. मान वर न करता म्हणाला, "कोंडीचं काही कळलं?"

मी म्हटलं, "सापडली नाही अजून."

हे का म्हटलं ते लिहायला बसलोय आणि लिहिता येत नाही. खोटं नाही ते. सापडली म्हणजे भेटली, आणि भेटली नाहीच ती मला. उद्या सांगेन. आज तोंडून निघालं नाही.

१५ नोव्हेंबर

उद्या सांगेन म्हटलं होतं. आज सकाळी सांगणारच होतो, पण दवाखान्यात एक पत्रकार बसला होता आणि गोरख त्याला सांगत होता, एकसष्टपैकी एकसष्ट. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. एक पेशंट स्थलांतरित आहे, शोध चालू आहे, असंही बोलला. ते त्या पत्रकाराने लिहून घेतलं नाही.

मला वाटलं, थोडं थांबू. साठ झाले तर काय बिघडतं? डॉक्टरांच्या आकड्यात एक कमी झाला की लोकांना कळेल की हे काम एकट्याने होत नाही. आणि मग मी जाऊन तिला आणेन. चौदा दिवसांच्या आत. मला ठाऊक आहे ती कुठे आहे. ती हरवलेली नाहीच मुळी.

१७ नोव्हेंबर

काल रविवार. गोरख एकटाच वसईकडच्या भट्ट्यांवर फिरायला गेला. नऊ भट्ट्या. कुठल्यातरी म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं, भिकाचा मुकादम वसईचा. निघण्याआधी त्याने मला फोन करून विचारलंही, "रघू, वसई बरोबर वाटतं का तुला?"

मी म्हटलं, "बघून ये."

आज तो आला तेव्हा गुडघ्यापर्यंत विटांची लाल धूळ. कोंडी मिळाली नाही. पण त्या नऊ भट्ट्यांवर त्याला दोन माणसं खोकताना दिसली, मोखाड्याचीच, कोणाच्याच यादीत नसलेली. थुंकी तपासली. दोघांना टीबी. दोघांचं औषध सुरू.

म्हणजे मी त्याला चुकीच्या वाटेने जाऊ दिलं, आणि तो तिथून दोन जीव वाचवून आला. त्याला खड्ड्यात ढकललं तरी तो वर येताना हातात काहीतरी घेऊन येईल. असल्या माणसाबरोबर जन्मभर एका बाकावर बसायचं म्हणजे काय, हे कोणी कधी विचारलं नाही मला.

२० नोव्हेंबर

भिकाचे दोन मिस्ड कॉल. जेवत होतो. नंतर करू म्हटलं आणि राहिलं.

ममता विचारते, झोप लागत नाही का तुम्हाला? थंडी आहे म्हटलं.

२२ नोव्हेंबर

अकरा दिवस झाले. अजून तीन आहेत. सोमवारी निघायचं असं ठरवलंय. तिथे गेलो की गोरखला फोन करायचा, म्हणायचं, शोधली मी. मग तो काय म्हणेल? तो म्हणेल, रघू, तुझ्याशिवाय झालं नसतं. एवढं एकदा त्याच्या तोंडून, मनापासून, कोणाला दाखवायला नाही, असं ऐकायचंय मला. हे वाचून मलाच कसंसं झालं. खोडत नाही.

२४ नोव्हेंबर

सकाळी साडेसहाला भिकाचा फोन. "दादा, रगत पडलं. लय पडलं. तू येतो सांगून आला नाय."

मागे कोंडीची मुलगी रडत होती.

२७ नोव्हेंबर

तीन दिवसांचं लिहितो.

चोवीसला फोन ठेवला आणि मोटारसायकलवर निघालो. गोरखला सांगितलं नाही. पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. भट्टीच्या मागे ताडपत्रीच्या झोपडीत ती पडली होती. कपाळ तापलेलं, ओठांच्या कडेला वाळलेलं रक्त. मला बघून उठायला लागली.

"आलास," म्हणाली. भिकाकडे वळून म्हणाली, "मी सांगत व्हते ना, दादा येल."

मी तिला रिक्षात घालून जवळच्या शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथे रक्त थांबवायची सलाइन लावली. मग बाहेरच्या पायरीवर बसून गोरखला फोन केला. म्हटलं, सापडली. त्याने एकच विचारलं, "जिवंत?" मी हो म्हटलं. त्याचा श्वास ऐकू आला. त्याने माझं कौतुक केलं नाही. म्हणाला, "तिथेच थांब, निघालो."

चार तासांत आला. डॉक्टरांशी बोलला, फिल्म बघितली, तिच्या खाटेवर बसून तिच्या पोरीला बिस्किटं दिली. पण चौदा दिवस उलटायच्या आत गोळ्या सुरू करता आल्या नाहीत. रक्त थांबेपर्यंत, पोटात अन्न टिकेपर्यंत दोन दिवस गेले. आज सकाळी पहिली गोळी. बारापासून सव्वीसपर्यंत पंधरा दिवस बुडाले. कोंडीचे आधीचे दहा आठवडे गेले. पहिल्यापासून सहा महिने.

बाहेर येऊन गोरख म्हणाला, "त्या गोळ्यांतली एक पायांच्या नसांना त्रास देते. सहा महिन्यांसाठी आहे ती. हिला आता एकूण साडेआठ महिने द्यावी लागेल. तिच्या तळव्यांना आत्ताच मुंग्या येतात." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू दमलास. घरी जा."

२९ नोव्हेंबर

कोंडीला जव्हारला आणलं. दवाखान्याजवळच्या खोलीत तिघं राहतील.

दिल्लीच्या मंडळींसाठी गोरखने तक्ता स्वतःच्या हाताने बदलला. एकसष्टचे साठ केले. खाली लिहिलं, 'एका रुग्णाचा उपचार पंधरा दिवस तुटला. कारण: दवाखान्याचा पाठपुरावा कमी पडला. जबाबदारी: डॉ. खुताडे.'

मी म्हटलं, "तुझं नाव कशाला?"

"मग कोणाचं? दवाखाना माझा."

साठ झाल्यावर मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण तक्ता बघायला आलेल्या आश्रमशाळेच्या मास्तरांपासून सगळे म्हणतायत, बघा, किती प्रामाणिक माणूस. चुकला तरी तो मोठाच होतो. त्याची चूकसुद्धा माझीच होती, आणि तीही त्याने घेतली.

३ डिसेंबर

आज सांगितलं.

ठरवून नाही. दवाखाना बंद करताना तो खिडक्या लावत होता आणि मी रजिस्टर. त्याने सहज विचारलं, "तुला ती भट्टी कळली कशी रे शेवटी?" एवढे दिवस त्याने विचारलं नव्हतं, याचंच नवल.

मी म्हटलं, "तिने फोन केला होता."

"चोवीसला."

"तेराला."

तो खिडकीशी तसाच उभा राहिला. मग खुर्ची ओढून बसला. मी सगळं सांगितलं. आधी वाटलं होतं कारणं सांगेन, कात्रण, वही, अकरा मार्क. एकही सांगता आलं नाही. फक्त म्हटलं, "तुझे साठ व्हावेत असं वाटत होतं."

"मी तुला विचारून वसईला गेलो होतो," तो म्हणाला.

"हो."

"तू म्हणालास, बघून ये."

"हो."

त्याने टेबलावरची फाइल भिंतीवर फेकली. कागद खोलीभर झाले. लहानपणापासून त्याला ओळखतो, तो असा ओरडलेला कधी ऐकला नव्हता. "हेवा वाटतो? वाटू दे! मला नाही वाटला? भागी गेली आणि तुझी पुष्पा अंगणात खेळायची. मी रोज तुमच्या घराकडे बघून जळायचो, रघू. रोज! देवाला म्हणायचो, हिला ने, आमची परत दे. आठ वर्षांचा होतो. पण तुझ्या पुष्पाच्या ताटातला घास मी लपवला नाही!"

 मी कागद गोळा करायला लागलो तर म्हणाला, "राहू दे."

जाताना म्हणाला, "वर मी कळवणार. खरं तेच लिहिणार. पण कोंडीला मी सांगणार नाही. ते तुझं काम."

४ डिसेंबर

सकाळी सात वाजता गोळ्या घेऊन कोंडीच्या खोलीवर गेलो. भिका बाहेर चूल पेटवत होता, हौशी पाड्यावरून तिला भेटायला आली होती. कोंडीने रोजच्यासारखा हात पुढे केला. मी म्हटलं, आधी ऐक.

सांगितलं. सोप्या शब्दांत सांगितलं, लपवून नाही. तू फोन केलास तेव्हाच मला पत्ता कळला होता. मी डॉक्टरला सांगितला नाही. माझं त्याच्याशी होतं, तुझ्याशी काही नव्हतं.

 मला वाटलं तिला कळलं नाही. भिका चुलीपासून उठून दारात येऊन उभा राहिला होता.

मग कोंडी म्हणाली, "तुझं काय बिघडवलं व्हतं मी?"

मी म्हटलं, काही नाही.

"मी सगळ्यांला सांगत व्हते, दादा येल. रोज सांगत व्हते."

भिकाने माझा दंड धरला. तो मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. कोंडी म्हणाली, सोड त्याला. मग हौशीकडे वळली. "आमी पाड्यावर येतो. उद्यापासून गोळ्या तू दे. याच्या हातून नको."

मी डबा हौशीच्या हातात दिला. कोणती सकाळी, कोणती दूध पिऊन, सगळं समजावलं. हौशी म्हणाली, मला ठाऊक आहे, दादा. तिला खरंच ठाऊक होतं.

५ डिसेंबर

दिल्लीची मंडळी आली. मला बोलावलं नव्हतं. घरीच होतो.

१९ डिसेंबर

मेमो आला. फिरतीचं काम काढून घेतलं, जव्हारलाच बसून रजिस्टर भरायचं. मार्चनंतर कंत्राट वाढवतील की नाही, सांगता येत नाही. गोरखने लिहिलेलं पत्र वाचायला मिळालं. त्यात मी केलं ते सगळं आहे, आणि शेवटी दोन ओळी: 'या कर्मचाऱ्याने एकोणीस वर्षांत आठशेहून अधिक रुग्णांचे उपचार पूर्ण करून घेतले आहेत. तेही विचारात घ्यावे.'

आठशे! त्याने मोजले कधी? मी नव्हते मोजले.

ममताला सगळं सांगितलं.  काल चहा देताना म्हणाली, "रेवतीला तुम्ही सांगा. बाहेरून कळायच्या आत." सांगितलं. रेवतीने फक्त विचारलं, ती बाई वाचेल ना?

११ फेब्रुवारी

रजिस्टरमध्ये वाचलं. कोंडी: वजन अडतीस. थुंकी स्वच्छ. दोन्ही तळवे बधिर. चुलीजवळ पाय भाजला, तिला कळलं नाही, वास आल्यावर मुलीने ओरडून सांगितलं. गोळीची मात्रा कमी केली.

'कळलं नाही' हे शब्द हौशीच्या अक्षरात आहेत. दिवसभर त्या पानावरच होतो.

१४ मार्च

कंत्राट वाढलं. अकरा महिने. कोणी शब्द टाकला ते विचारायला गेलो नाही. गोरखशी कामापुरतं बोलणं होतं. डब्यात हात घालत नाही तो आता. आईकडे मात्र येतो. आई विचारते, तुमचं काय वाजलंय का? दोघंही नाही म्हणतो.

मोखाड्याकडे बोहाडा सुरू आहे. पूर्वी आम्ही दोघं एका गाडीवर जायचो सोंगं बघायला.

२९ मे

आज कोंडीची शेवटची गोळी होती.

मी आतल्या टेबलावर. गोरखने दारातून डोकं घालून म्हटलं, "कोंडी आलीय." ये म्हणाला नाही, नको असंही नाही. मी दाराशी जाऊन उभा राहिलो.

तेरा-चौदा माणसं होती. भिकाच्या कडेवर मुलगी. हौशीने नवं लुगडं नेसलेलं. गोरखने कोंडीला काट्यावर उभं केलं. त्रेचाळीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका वार्ताहराने गोरखला मध्ये घेऊन फोटो काढला, आणि मी स्वतःकडे लक्ष ठेवून होतो, आत काही सलतं का. नाही सललं. म्हणजे फार नाही.

मग कोंडी काट्यावरून उतरून दाराकडे यायला लागली. पाय उचलून उचलून टाकत होती, चिखलातून चालतात तशी. दोन पावलांवर तिची डावी चप्पल मागे राहिली. तिला कळलंच नाही. ती तशीच पुढे आली, एक पाय उघडा फरशीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर.

मी वाकणार होतो. खरंच वाकणार होतो. पण कोंडीने माझ्याकडे बघितलं आणि तिचा हात मागे गेला, हौशीसाठी, बघायचीही गरज नाही असा. हौशी आली. खाली बसली, कोंडीचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला, तळव्याला लागलेली माती पदराने पुसली, खडा-बिडा टोचला नाही ना ते बोटाने चाचपून बघितलं आणि चप्पल घातली. कोंडी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. दोघी कशावरून तरी हसल्या. मग गेल्या.

बत्तीस वर्षं मला गोरखचा हेवा वाटत आला. आज वाटला तो हौशीचा.